आपल्या लेकरांची आठवण आणि हातातला मोबाइल

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



मागच्या वेळी आम्ही दिव्यांगांच्या ओळखपत्राविषयी बोललो होतो. त्यानंतर तुमचे जे फोन आले, त्यांत दोन प्रश्न पुन्हा पुन्हा होते. एक असा, की मुलगा किंवा मुलगी दिवसभर मोबाइलला चिकटून असते, काय करावं? दुसरा प्रश्न एका ताईंनी विचारला आणि तो आमच्या मनातून जाईना. त्या म्हणाल्या, "माझ्या लेकाच्या गोळीची वेळ, त्याच्या बसची वेळ, त्याला काय खाल्लं की त्रास होतो, हे सगळं माझ्या डोक्यात आहे. मी चार दिवस दवाखान्यात पडले तर हे कुणाला ठाऊक?" आम्हाला वाटलं, या दोन प्रश्नांची गाठ एकमेकींशी बांधता येते. आज त्याविषयीच बोलणार आहोत.

आम्ही म्हणजे सातारा आणि आसपासच्या गावांतल्या नऊ आया, एक मावशी आणि एक थोरली बहीण. आमच्या घरातल्या मुलांना डाऊन सिंड्रोम आहे. मुलं म्हणतो खरं, पण सर्वांत धाकटी अकरा वर्षांची आहे आणि सर्वांत थोरला एकेचाळीसचा. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कुणा एकीच्या घरी जमतो. आमच्यात कुणी डॉक्टर नाही, कुणी संगणकवाली नाही. घरातल्या धाकट्या दिराचा, भाच्याचा वापरून झालेला मोबाइल घेऊन आम्ही शिकलो आणि मुलांनाही शिकवलं.

आधी ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडं. जॉन लँग्डन डाऊन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १८६६ साली या मुलांचं पहिलं नीट वर्णन केलं, म्हणून हे नाव. कारण कळायला १९५९ साल उजाडावं लागलं. फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं, की पेशीत ४६ च्या जागी ४७ गुणसूत्रं असतात, एकविसाव्या गुणसूत्राची प्रत दोनच्या ऐवजी तीन असते. म्हणूनच जागतिक डाऊन सिंड्रोम दिवस २१ मार्चला, म्हणजे तिसऱ्या महिन्यातल्या एकविसाव्या दिवशी असतो. ग्रहणात कुणी काही चिरल्यानं हे होत नाही. सून कुणाच्या घरून आली त्यानं होत नाही. हे अजूनही सांगावं लागतं, म्हणून सांगितलं.

आता आठवणीचं. आपण म्हणतो, याच्या काही लक्षातच राहत नाही. तसं पाहिलं तर हे अर्धंच खरं आहे. आमच्यातल्या एका मुलाला वाड्यातल्या सगळ्यांचे वाढदिवस तोंडपाठ आहेत. गणपतीत कुठल्या वर्षी कोणत्या रंगाची मखर होती ते तो सांगतो. पण त्याला सांगा, "दूध आत ठेव, मागचं दार लाव, गॅस बंद आहे का बघ आणि आजीला हाक मार." तो दूध आत ठेवतो आणि उभा राहतो. किंवा थेट आजीला हाक मारतो. घरातली माणसं म्हणतात, मुद्दाम करतो.

तो मुद्दाम करत नाही. कानावर पडलेलं काही क्षण मनात धरून ठेवणं आणि तेवढ्यात त्याप्रमाणे काम करणं, ही जी शक्ती असते ती डाऊन सिंड्रोममध्ये बऱ्याचदा दुबळी असते. शब्द हवेतून येतो आणि निघून जातो. त्या मानानं डोळ्यांनी पाहिलेलं, वस्तूची जागा, वाट, हाताला लागलेली सवय हे जास्त चांगलं टिकतं. अभ्यासकांनी हे पुष्कळ तपासलं आहे आणि आम्ही घरोघरी रोज बघतो. मग आपण काय करतो? जी बाजू दुबळी तिच्यावरच सगळा भार टाकतो. तोंडानं सांगतो, लक्षात राहिलं नाही की तेच पुन्हा सांगतो, मग आवाज चढवून सांगतो.

मोबाइल इथं कामाला येतो, कारण तो बोललेलं चित्रात बदलून समोर ठेवतो. आणि चित्र उडून जात नाही. दहा वेळा बघितलं तरी चिडत नाही, "किती वेळा सांगू" म्हणत नाही.

पण मोबाइलकडे वळण्याआधी तीन-चार गोष्टी तपासून घ्याच. या मुलांना कमी ऐकू येण्याचा त्रास पुष्कळ असतो, कानात आत पाणी साठतं, मळही फार होतो. ऐकूच आलं नाही तर लक्षात काय राहणार? चष्म्याचा नंबर बघा. थायरॉइडची तपासणी वर्षातून एकदा करा, कारण थायरॉइड कमी पडलं की माणूस मंदावतो, विसरतो, आणि आपण म्हणतो की वाढत्या वयात आळशी झाला. आणि रात्री घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. या मुलांत ते वरचेवर आढळतं आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशीचं ध्यान जातं. आमच्यातल्या एकीच्या मुलीला कानाचं यंत्र बसल्यावर तिचं अर्धं "विसरणं" आपोआप गेलं.

बरं, आता मोबाइल. पहिली गोष्ट गजर. गजर तर साध्या घड्याळालाही असतो. पण तो नुसता वाजतो. कशासाठी वाजला हे लक्षात ठेवावं लागतंच. बऱ्याच मोबाइलमध्ये गजराला नाव देता येतं आणि आपण भरलेला आवाजही गजर म्हणून लावता येतो. आमच्या एका मैत्रिणीच्या मुलीला, ती आता सव्वीस वर्षांची आहे, थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यावी लागते आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास चहा नाही. आईनं आपल्या आवाजात भरलं, "ऊठ बाळा, गोळी घे." मुलीनं चार दिवस ऐकलं आणि पाचव्या दिवशी गजर बंद करून म्हणाली, "आई, तू फोनमध्येपण ओरडतेस."

आमच्या शनिवारच्या बैठकीत यावर तासभर वाद झाला. काहीजणी म्हणाल्या, आईचा आवाज ओळखीचा, तोच हवा. मावशी म्हणाल्या, मग आईपासून सुटका कुठं झाली? शेवटी त्या मुलीनंच आपल्या आवाजात भरलं, "मी आता गोळी घेते. मग चहा." आज तोच गजर वाजतो. आम्हाला यातून जे कळलं ते आम्ही मोबाइलच्या सगळ्या कामांना लावतो. आठवण करून देणारा आवाज शक्यतो त्याचा किंवा तिचा स्वतःचा असावा. कामाची मालकी मग त्यांच्याकडे जाते. आईचं काम उरतं गोळ्या आणून ठेवायचं.

पण गजराची एक खोड आहे. बोटानं बंद केला की काम झालं असं वाटतं. म्हणून त्या मुलीचा मोबाइल रात्री उशाशी नसतो, स्वयंपाकघरात गोळ्यांच्या डबीशेजारी चार्जिंगला लावलेला असतो. गजर बंद करायला उठून तिथं जावं लागतं आणि तिथं गेलं की डबी समोर. डबी सात खणांची आहे, वारांच्या नावाची. गोळी घेतली की रिकाम्या खणाचा ती फोटो काढते. दहा वाजता मनात आलं, की आज घेतली का नाही, तर फोटो बघते. हा फोटो फार मोलाचा, कारण विसरून न घेण्याइतकंच विसरून दोनदा घेणंही वाईट. सुरुवातीला ती तो फोटो आईला पाठवायची. आता पाठवत नाही. आई म्हणते, मलाच राहवत नाही, मी डबी उघडून बघते, पण तिच्या नकळत.

आणि हो, गजर दहा लावू नका. एक काम, एक गजर, आणि ते काम अंगवळणी पडेपर्यंत दुसरा नाही. दिवसभर वाजणाऱ्या मोबाइलकडे कुणीच लक्ष देत नाही, तुम्हीही देणार नाही.

दुसरी गोष्ट फोटोंची, आणि आमच्या मते ही सर्वांत उपयोगाची. कुठलंही काम पायऱ्यापायऱ्यांनी करायचं असेल तर प्रत्येक पायरीचा एक फोटो. चहा करायचा तर पातेलं आणि कपानं मोजलेलं पाणी, मग साखर, मग पावडर, उकळी, दूध, गाळणं. इंटरनेटवरची गुळगुळीत चित्रं घेऊ नका. तुमचंच पातेलं, तुमचीच शेगडी, कान तुटलेला तुमचाच कप. या मुलांना एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी नेणं अवघड जातं. फोटोतली शेगडी वेगळी असली तर त्यांच्या लेखी तो वेगळाच चहा. आणि फोटो समोरून काढू नका. चहा करणाऱ्याच्या खांद्यावरून काढा, म्हणजे त्याला जसं दिसतं तसंच फोटोत दिसेल. ही बारीकशी गोष्ट आहे, पण समोरून काढलेल्या फोटोत डावं-उजवं उलट होतं आणि मूल गोंधळतं.

फोटोत जमलं तर मुलाचेच हात असू द्यात. आमच्यातला एकजण कर्मशाळेत कागदी पिशव्या करतो. त्याच्या मोबाइलमध्ये सहा फोटो आहेत, घडी कुठं, खळ कुठं, दोरी कुठून ओवायची. सगळ्या फोटोंत त्याचेच हात. तो नव्या मुलांना ते दाखवतो आणि "मी शिकवतो" म्हणतो. त्याला या वयात पहिल्यांदा कुणीतरी "दादा, पुढं काय?" असं विचारलं.

फोटोंची अडचण एकच. ते सापडले पाहिजेत. व्हॉट्सअॅपवर रोज येणारी गुलाबाची फुलं, सुविचार आणि शुभ सकाळ यांच्या ढिगात चहाचे सहा फोटो बुडून जातात. म्हणून दोन कामं करा. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये मीडिया व्हिजिबिलिटी असं लिहिलेलं असतं, ते बंद करा, म्हणजे आलेले फोटो गॅलरीत शिरणार नाहीत. आणि कामाच्या फोटोंचे वेगळे अल्बम करा, त्या अल्बमवर पहिला फोटो ओळखू येईल असा ठेवा. चहाच्या अल्बमवर कप, अंघोळीच्या अल्बमवर बादली. वाचता येत नसलं तरी चालतं.

आता प्रवासाचं सांगतो. आमच्यातल्या एकीचा मुलगा, चोवीस वर्षांचा, पाचवडहून एसटीनं साताऱ्याला कर्मशाळेत येतो. त्याच्या मोबाइलमध्ये वाटेचे फोटो क्रमानं आहेत. फाट्यावरचं झाड, गाडीची पाटी, पोवई नाका, मग कर्मशाळेचं फाटक. पहिले दोन महिने आई सोबत, मग आई दोन सीट मागं, मग आई पुढच्या गाडीत. आता एकटा येतो. फोटो आता बघतसुद्धा नाही. गाडी चुकली तर काय करायचं याचाही एक अल्बम आहे, त्यात दोनच फोटो. एका फोटोत बाकावर बसलेला तो स्वतः, दुसऱ्यात आईचा चेहरा, म्हणजे बस आणि फोन लाव.

याच मुलाच्या बाबतीत व्हॉट्सअॅपच्या लाइव्ह लोकेशनचा प्रश्न आला. त्यात आपण कुठं आहोत हे दुसऱ्याला पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास दाखवता येतं. आई रोज आठ तास लावायची. एके दिवशी मुलगा म्हणाला, "बंद कर. मी काय पार्सल आहे?" हा शब्द त्यानं कुठून उचलला कोण जाणे. पण आम्ही सगळ्या गप्प झालो. लक्षात ठेवायला मदत करणं वेगळं आणि पाळत ठेवणं वेगळं. मोबाइल दोन्ही करतो, आणि काळजीपोटी आपला हात पाळतीकडं चटकन जातो. आता त्यांच्यात ठरलं आहे. गाडीत बसला की तो स्वतः एक तासाचं लोकेशन पाठवतो. पोचला की अंगठ्याचं चित्र पाठवतो. नाही पाठवलं तर आई फोन करते. त्याला न सांगता त्याच्या मोबाइलमध्ये काही चालू करायचं नाही, हे आईनं कबूल केलं आहे. काहींना हे पटणार नाही. आमच्यातही दोघींना पटत नाही, आणि त्यांच्या मुलींच्या बाबतीत त्यांची भीती खोटी आहे असं आम्ही म्हणणार नाही. पण मुलीलाही विचारा आणि कशासाठी ते तिला समजावून सांगा.

एवढं सगळं कामाचं झालं. पण आठवण म्हणजे नुसती गोळी आणि बस नव्हे. संध्याकाळी आपण विचारतो, "आज काय केलंस?" आणि उत्तर येतं, "काही नाही." शाळेत, कर्मशाळेत पुष्कळ काही झालेलं असतं. पण त्यातून काय उचलायचं, कुठून सुरू करायचं, हे त्यांना सुचत नाही, शब्द सापडत नाहीत. म्हणून आम्ही "दिवसाचे तीन फोटो" सुरू केलं. दिवसभरात तीनच फोटो काढायचे, आपल्याला वाटतील ते. संध्याकाळी एक-एक उघडायचा आणि त्याविषयी बोलायचं. तुम्हाला सांगतो, ज्या मुलीनं वर्षानुवर्षं "काही नाही" म्हटलं, तिनं एका पंक्चर झालेल्या सायकलच्या फोटोवर दहा मिनिटं गोष्ट सांगितली. कुणाची सायकल, कोण हसलं, कोणी तिला पंप धरायला दिला. तिच्या वडिलांनी जेवण थांबवून ऐकलं.

आमच्यातल्या थोरल्या बहिणीचा अनुभव निराळा आहे. तिचे वडील गेल्यावर एकेचाळीस वर्षांचा तिचा भाऊ रोज विचारायचा, "बाबा कधी येणार?" रोज उत्तर देताना घर थकून जायचं. बहिणीनं मोबाइलमध्ये बाबांचा अल्बम केला. लग्नातले, शेतातले, दोघं भेळ खातानाचे फोटो, आणि शेवटी फोटोला हार घातलेला. त्या फोटोवर तिनं भावाकडूनच आवाज भरून घेतला, "बाबा वारले. मला आठवण येते." आता तो विचारत नाही असं नाही, पण बरेचदा स्वतःच अल्बम उघडून बसतो. कधी रडतो. बहीण म्हणते, आधी तो प्रश्न विचारायचा तेव्हा आम्ही विषय बदलायचो. त्याला रडायला जागाच नव्हती.

मोबाइल कसा लावून द्यावा, ते आता भराभर सांगतो. पहिल्या पडद्यावर चार-पाच चित्रंच ठेवा, बाकी सगळं आत. अक्षरं मोठी करा. घरच्या तीन-चार माणसांचे फोटो पहिल्या पडद्यावर ठेवता येतात, फोटोला बोट लावलं की थेट फोन लागतो. आकडे लक्षात ठेवायच्या कुलपापेक्षा बोटाच्या ठशाचं कुलूप पुष्कळांना सोपं जातं. मराठीत बोलून टाइप करता येतं, पण आमच्या मुलांचे उच्चार मोबाइलला बरेचदा कळत नाहीत आणि मुलं हिरमुसतात. तेव्हा त्याच्या मागं लागू नका, व्हॉट्सअॅपवर आवाजाचा निरोप पाठवणं पुरे. ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांच्यासाठी २०२३ पासून त्यात असिस्टिव्ह अॅक्सेस नावाची सोय आली आहे. बौद्धिक दिव्यांगांसाठीच केलेली आहे, मोठी चित्रं आणि मोजकी कामं. पण त्यासाठी महागडा मोबाइल घ्यायची मुळीच गरज नाही.

पैशाचं एकच. बँकेचं मुख्य खातं या मोबाइलला जोडू नका. यूपीआय सर्कल म्हणून सोय २०२४ मध्ये आली आहे. त्यात मुलगा दुकानात पैसे देऊ लागला की मंजुरी तुमच्या मोबाइलवर मागितली जाईल, असं ठेवता येतं. ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे शिकवा, आणि फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा.

आता ज्या भागाविषयी आम्ही आपसांतही कमी बोलतो, तिकडं येतो. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य पंचवीस वर्षांच्या आसपास होतं. आज ते साठीच्या घरात आहे. हृदयाच्या शस्त्रक्रिया आल्या, औषधं आली. आपली मुलं म्हातारी होणार आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी आपल्यामागं राहणार आहेत. त्याबरोबर दुसरी गोष्ट येते. स्मृतिभ्रंशाच्या आजाराशी, म्हणजे अल्झायमरशी, संबंध असलेलं एक जनुक याच एकविसाव्या गुणसूत्रावर आहे. तिसऱ्या प्रतीमुळं आमच्या मुलांना हा आजार इतरांपेक्षा पुष्कळ लवकर, पन्नाशीच्या आसपास किंवा त्याही आधी होण्याचा धोका मोठा असतो. सगळ्यांना होतोच असं नाही.

घाबरवायला सांगत नाही. सांगतो ते दोन कामांसाठी. एक, मोबाइलची सवय विशी-तिशीत लावा. चाळिशीनंतर विसरणं सुरू झाल्यावर नवी वस्तू हाती दिली तर ती शिकणं फार कठीण. हाताला आधीच मुरलेली सवय मात्र बराच काळ साथ देते.

दुसरं काम आजच करता येईल. मुलगा किंवा मुलगी नेहमीची कामं करत असताना त्याचा व्हिडिओ काढून ठेवा. चहा करताना, शर्टाची बटणं लावताना, घरच्यांची नावं सांगताना, रस्ता ओलांडताना. तारीख घालून जपून ठेवा, आणि वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा काढा. का? तर पुढं कधी वाटलं, की याचं काहीतरी बिघडतंय, तर डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील, "आधी याला काय काय येत होतं?" साठ-सत्तर वर्षांच्या आईला ते नेमकं सांगता येत नाही, आणि आई नसली तर वहिनीला कसं येणार? अनोळखी डॉक्टरला तर वाटतं, हा पहिल्यापासूनच असा असेल. व्हिडिओ दाखवला की फरक डोळ्यांना दिसतो. आणि फरक दिसला म्हणजे अल्झायमरच असं समजू नका. थायरॉइड, कान, मोतीबिंदू, झोप, घरातल्या माणसाच्या मृत्यूनंतर आलेली उदासी, यांनीही असंच होतं, आणि यांवर उपाय आहेत. म्हणून तपासणीचा आग्रह धरा. "यांच्यात असंच असतं" हे उत्तर घेऊन घरी येऊ नका.

शिकवायचं कसं, असं पुष्कळजणी विचारतात. एका वेळी एकच गोष्ट, रोज त्याच वेळी, आणि मोबाइल त्याच्या हातात. आपण हातात घेऊन "हे बघ असं" करायचं नाही. पहिल्यांदा आपण त्याचं बोट धरतो, मग नुसतं बोट दाखवतो, मग नजरेनं दाखवतो, मग काहीच नाही. हे शेवटचं काहीच न करणं सर्वांत अवघड. गजर वाजतोय, मुलगा बसून आहे, आणि आपल्या जिभेवर "अरे, वाजतोय ना" आलेलं आहे. आमच्यातली एक त्या वेळी तोंडात लवंग धरायची, बोलणं आवरायला. अगदी तीन आठवडे. हसू नका, उपाय लागू पडला.

मोबाइलवर गाणी, रील बघणं चालूच राहील. ते बंद करायला आम्ही सांगत नाही, आपणही बघतोच की. फक्त कामाचा मोबाइल आणि करमणुकीचा मोबाइल एकच असेल तर वेळ ठरवून घ्या, कारण गजर वाजला तेव्हा मोबाइल चार्ज असायला हवा.

आणि घरातल्या आणखी एका माणसाला हे सगळं दाखवून ठेवा. कुलूप कसं उघडतं, गजर कुठले, अल्बम कुठले. भाऊ असेल, भावजय असेल, शेजारची काकू असेल. कायदेशीर पालक नेमायची सोय १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आहे, निरामय आरोग्य विमाही त्याच न्यासाचा आहे, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा. त्याचे कागद कसे करायचे हे पुढच्या भाषणात सविस्तर सांगू.

जाता जाता एक साधी गोष्ट. मोबाइलची बॅटरी संपते, मोबाइल पावसात भिजतो, एसटीत राहतो. म्हणून मोबाइलच्या कव्हरमध्ये नव्हे, खिशात किंवा गळ्यातल्या ओळखपत्रामागं एक कागद ठेवा. त्यावर नाव, दोन माणसांचे फोन नंबर, चालू असलेली औषधं, आणि ११२ हा आकडा. कागद प्लास्टिकमध्ये घाला.

येत्या दुसऱ्या शनिवारी आमची बैठक आहे. वेळ आणि पत्ता आपल्या केंद्रावर फोन करून विचारा. येताना मुलाला किंवा मुलीला आणा, मोबाइल त्यांच्याच हातात असू द्या, आणि चार्जर आठवणीनं आणा, आमच्याकडे एकच प्लग आहे.